स्पीडबोट पाळावी कशी?

पूर्वी ऐश्वर्य दाखवायला दारी हत्ती झुलत असे. हल्ली सोसायटीच्या पार्किंगमध्ये हत्ती मावत नाही, म्हणून मुंबईचा हौशी माणूस समुद्रात स्पीडबोट बांधतो. हत्ती निदान ऊस खातो, ही पेट्रोल पिते. ज्यांना ती पाळायचीच आहे त्यांनी पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात. मध्येच उतरणाऱ्यांचं आम्ही जाहीर अभिनंदन करू.

१. ॲव्हरेज विचारू नये. मोटारीचं ॲव्हरेज लिटरला किलोमीटरमध्ये सांगतात, होडीचं तासाला लिटरमध्ये. १५० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पूर्ण वेगात तासाला ५० लिटर सहज रिचवतं. गेटवे ते मांडवा म्हणजे जाऊन-येऊन तासभर. मुंबईत पेट्रोलने २०२१ च्या मे महिन्यातच शंभरी गाठली. तेव्हा फेरीला पाच हजार धरावेत. तेवढ्या पेट्रोलवर मोटार कोल्हापूरला जाऊन, तांबडा-पांढरा रस्सा ओरपून परत येते. हा दाखला घरी देऊ नये.

२. नाक खाली ठेवावं. वेग घेताना होडीचं नाक वर उचललं जातं, तेव्हा ती पाणी ढकलत असते आणि मैलामागे पेट्रोल सर्वांत जास्त जळतं. एकदा पाण्यावर सपाट तरंगू लागली की थ्रॉटल थोडा मागे घ्यावा, बचत होते. पाहुण्यांना मात्र फोटो नाक वर असतानाचाच हवा असतो.

३. कराचा अभिमान बाळगावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि हौसेच्या नौकांचा ४० वर गेला. खासगी विमानं आणि पिस्तुलं याच पंक्तीला बसली आहेत. अमेरिकेनेही १९९१ मध्ये एक लाख डॉलरवरच्या नौकांच्या वाढीव किमतीवर १० टक्के चैनकर लावला होता. श्रीमंत नौकेशिवाय राहिले, नौका बांधणारे कारागीर पगाराशिवाय. १९९३ मध्ये तो कर गुंडाळावा लागला.

४. मंदीची वाट पाहावी. मंदीत लोक आधी होडी विकतात, मग मोटार, आणि घर शेवटी. त्यामुळे जुनी होडी तेव्हा स्वस्तात मिळते. अडचण एवढीच की मंदी आपल्याकडेही न विचारता येते, आणि दोन महिन्यांत त्याच होडीचे विक्रेते आपण असतो.

५. पावसाळा गृहीत धरावा. जूनपासून होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झोपते. इंजिन बंद असतं; बँकेचा हप्ता आणि खलाशाचा पगार चालू असतो. टाकीतल्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्के इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते दोघं मिळून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. गणपतीनंतर किल्ली फिरवली की इंजिन खोकतं आणि मेकॅनिक हसतो.

६. कोळ्याशी बोलू नये. आम्ही ही चूक केली. मांडव्याला एक नाखवा जाळं सांधत बसला होता. त्याला डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, तरी समुद्रात शिरण्याआधी तो लिटरालिटराचा हिशेब मांडतो. आमच्या इंजिनाकडे पाहून त्याने विचारलं, "शेठ, आमची होडी मावरा आनते. तुमची काय आनते?"

आम्ही बराच विचार करून म्हणालो, "फोटो."

तो पुन्हा जाळ्याकडे वळला.

या प्रश्नाचं याहून बरं उत्तर ज्याच्याकडे असेल त्याने बयाणा खुशाल भरावा. इतरांनी गेटवेवरून मांडव्याच्या लाँचचं तिकीट काढावं. तिचं डिझेल शंभर जणांत वाटलं जातं. वरच्या डेकवर खारा वारा तोच, लाटा त्याच. हप्ता तेवढा दुसऱ्याचा.