मानाचा पहिला पाळणा

आइंडहोवन, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सगळ्यांचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र कोणी लिहिलं ते खाली दिलेलं नाही, आणि ते मुद्दामच. कालच्या सहलीबद्दल या घरात पाच माणसांच्या पाच कैफियती आहेत. एकाने ‘मी’ म्हणून लिहायला घेतलं की उरलेले चौघे मागून वाकून दुरुस्त्या सांगतात. म्हणून ठरलं की पत्रात ‘मी’ नको. ज्याचा त्याचा उल्लेख हुद्द्याने करायचा: तुमचे चिरंजीव, सूनबाई, थोरली, धाकटा, आणि सध्या नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेलं या घराचं सर्वोच्च न्यायालय, म्हणजे बाबांच्या भगिनी आत्याबाई.

तर काल मंडळी एफ्टेलिंगला जाऊन आली. हे उद्यान इथल्याच ब्राबांत प्रांतात, टिलबर्गच्या पलीकडे काट्सह्योवेल नावाच्या गावाजवळ आहे. नाव उच्चारताना आत्याबाईंना दोनदा ठसका लागला. असल्या उद्यानात कुटुंबाचं हे पहिलंच पाऊल. चिरंजीवांच्या शाळेची एस्सेलवर्ल्डची सहल निघाली तेव्हा त्यांना कांजिण्या आल्या होत्या, हे आईंना आठवत असेलच. खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं, ते मुंबई-पुणे रस्त्यावरून जाता-येता फक्त लांबून बघितलं. अनुभव म्हणावा असा एकट्या आत्याबाईंच्या गाठीशी, आणि तोही हरिपूरच्या जत्रेतल्या पाळण्याचा.

पहिल्यांदा कशात बसायचं, यावर शुक्रवारी रात्री जेवणाच्या टेबलावर सभा भरली. प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही. उद्यान उघडल्यावर पहिल्या तासात रांगा त्यातल्या त्यात कमी असतात, पुढे वाढत जातात. शिवाय पहिल्याच फटक्यात एखादं पोर घाबरलं तर ते उरलेला दिवस आईच्या ओढणीला धरून काढतं. चिरंजीवांच्या ऑफिसातल्या अनुभवी मंडळींनी सल्ला दिला होता: सगळ्यात मोठी, सगळ्यात लांबची राइड गाठा आणि मग उलटे फिरा. चिरंजीवांनी त्यावर एक्सेलचा तक्ता केला. उभ्या रकान्यात राइडची नावं, आडव्या रकान्यात उंचीची अट, वेग आणि रांगेचा अंदाज. शेवटचा रकाना ‘आत्या?’ असा होता आणि त्यात सगळीकडे प्रश्नचिन्हंच होती.

थोरलीचं मत तक्ता उघडायच्या आधीच तयार होतं. तिला ‘बॅरन १८९८’ हवा होता. नावात १८९८ असलं तरी राइड २०१५ ची आहे. सोन्याच्या हव्यासाने खाण खणणारा एक बॅरन आणि त्या खाणीवर शापाची राखण करणाऱ्या पांढऱ्या वस्त्रांतल्या बाया, अशी तिची गोष्ट. प्रत्यक्षात होतं ते असं: गाडी वर चढते, कड्यावर क्षणभर लटकते आणि मग साडेसदतीस मीटर जवळजवळ सरळ खाली, जमिनीतल्या भोकात जाते. वेग ताशी ९० किलोमीटर. चिरंजीवांनी कागदावर हिशोब मांडला की साडेसदतीस मीटरवरून वस्तू नुसती पडली तर ताशी साधारण ९७ किलोमीटर वेग यायला हवा, म्हणजे मधले सातेक घर्षणाने आणि हवेने खाल्ले. हे गणित त्यांना फार सुरक्षित वाटलं. आत्याबाईंनी विचारलं, “म्हणजे दगड टाकला तर जास्त जोरात पडेल, एवढाच फरक ना?” त्यानंतर हिशोबाचा कागद घडी घालून ठेवण्यात आला.

बॅरनची उंचीची अट १ मीटर ३२ सेंटिमीटर. थोरली त्यात बसते. धाकटा १ मीटर ८. त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं, मग केस विंचरून उभे करून मोजलं, मग बुटांसकट मोजलं. चिरंजीवांचा डोळा होता ‘योरिस आणि ड्रॅगन’वर. ही २०१० मधली लाकडी रोलरकोस्टर. तिचे दोन मार्ग शेजारी-शेजारी, एक पाण्याचा आणि एक आगीचा, आणि दोन्ही गाड्यांची शर्यत लागते. अट १ मीटर १०. दोन सेंटिमीटरसाठी धाकट्याने जे रडं काढलं ते सांगलीपर्यंत ऐकू आलं नसेल तर नवल. अशा कुटुंबांसाठी बहुतेक राइडवर सोय आहे: आईबापांपैकी एकाने आधी बसायचं, दुसऱ्याने लहानग्याला धरून थांबायचं, आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल करायची. पण पहिलीच राइड अशी तुकड्यातुकड्यांत? आत्याबाईंनी तिथेच स्थगिती दिली. त्यांचं म्हणणं, पहिल्या पंगतीला घरचे सगळे एका ओळीत बसले पाहिजेत.

त्यांची स्वतःची सूचना होती वाफेच्या आगगाडीची. तिथे खरी कोळशाच्या जमान्यातल्यासारखी आगगाडी आहे, १९६९ पासून धावते आणि सगळ्या उद्यानाला वळसा घालते. आधी प्रदक्षिणा, मग दर्शन. थोरलीने यावर जो चेहरा केला त्याचा फोटो सोबत पाठवलाय.

सूनबाईंनी ‘सिम्बॉलिका’ सुचवलं. हा २०१७ मध्ये बांधलेला राजवाडा उद्यानाच्या मध्यावर आहे, उंचीची कटकट नाही, आणि आतल्या गाड्यांना रूळच नाहीत. त्या गुळगुळीत जमिनीवरून आपल्या आपण वळत, गिरक्या घेत जातात. चिरंजीव रूळ नाहीत म्हटल्यावर विरघळले. ठराव संमत होणार, एवढ्यात थोरलीने वाचून दाखवलं की सिम्बॉलिकात शिरल्यावर पुन्हा तीन वाटांपैकी एक निवडावी लागते: शूरांची, संगीताची किंवा खजिन्याची. म्हणजे निवडीच्या आत आणखी निवड. सभा रात्री अकराला तहकूब झाली. तक्त्याची छापील प्रत मात्र निघाली, रंगीत.

सकाळी तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि आत्याबाईंचा थर्मास घेऊन मंडळी निघाली. पहिला धक्का प्रवेशद्वारातच बसला. एवढ्या मोठ्या उद्यानाचं दार म्हणजे काचेचं आणि पोलादाचं काहीतरी असेल अशी समजूत होती. समोर उभं होतं उंचच उंच, टोकदार, गवताने शाकारलेलं छप्पर. आत्याबाईंनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे पावसाळ्याआधी शाकारतं कोण?” इथे पावसाळा बाराही महिने असतो, हे त्यांना एव्हाना कळलं आहे.

आणि मग जे झालं त्याला जबाबदार धाकटा.

एफ्टेलिंगमध्ये कचऱ्याच्या पेट्या नुसत्या पेट्या नाहीत. ढेरपोट्या, तोंड वासलेला एक खादाड पुतळा असतो, नाव होल्ले बोल्ले खाइस. तो सारखा ओरडत असतो की कागद इकडे आणा. तोंडाशी कागद धरला की हवेच्या जोराने आत ओढून घेतो आणि वर आभार मानतो. डच पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याला भरवत वाढल्या. धाकट्याला तो परीकथांच्या जंगलात भेटला. मोठी माणसं नकाशा उलटासुलटा करत ‘सिम्बॉलिका डावीकडे की उजवीकडे’ यावर पोचली होती, तोवर याने आत्याबाईंच्या पिशवीतल्या कागदी रुमालांपासून सुरुवात केली. मग पुऱ्यांभोवतीचा कागद गेला. आणि मग चिरंजीवांचा एक्सेलचा तक्ता, रंगीत, पुरता आत गेला. खाइसने आभार मानले.

तेव्हा पहिला मान खरं तर कचरापेटीला मिळाला. धाकटा अजून तेच सांगतो, आणि कोणी विरोध केलेला नाही.

तक्ता गेल्यावर घाई करण्याचं कारणच उरलं नाही. मंडळी त्या जंगलातच रेंगाळली, आणि हे उद्यान मुळात काय होतं ते तिथे कळलं. १९५२ मध्ये एफ्टेलिंग उघडलं ते या परीकथांच्या जंगलापासूनच. चित्रकार आंतोन पीक यांनी वाकड्या भिंती, कलती छपरं आणि मोडकळीला आलेले मनोरे काढले, आणि पीटर राइन्डर्स यांनी त्यात हलणारे, बोलणारे पुतळे बसवले. राइन्डर्स आपल्या आइंडहोवनचे. १९५१ मध्ये फिलिप्स कंपनीच्या साठाव्या वर्षाच्या उत्सवासाठी त्यांनी इथे परीकथांची एक बाग उभी केली होती. ती गाजली आणि मग काट्सह्योवेलची पाळी आली. लांबच लांब मान वरखाली करणारा लांगनेक पहिल्या वर्षापासून तिथे बसून आहे. रोलरकोस्टर यायला १९८१ उजाडलं. त्या वर्षी पायथन आला, दोन गोल उलटे फिरवणारा. थोरली ज्याला ‘खरं उद्यान’ म्हणते ते आपल्या धाकट्या काकांच्या वयाचं आहे, आणि तिला बोअर वाटणारं जंगल बाबांच्या पिढीचं.

जंगलातच एक पाटी दिसली ती पाहून आत्याबाई थबकल्या: भारतीय कमळं. “आपलंच काहीतरी!” म्हणून त्या पुढे झाल्या, मागोमाग सगळे अंधाऱ्या गुहेत. आत तळं, तळ्यात कमळं उमलतात, त्यातून पऱ्या उठून नाचतात, बेडूक वाद्यं वाजवतात आणि वरून एक चेटकीण गाते. हे १९६६ पासून चालू आहे. देखणं आहे, यात वाद नाही. पण बाहेर आल्यावर आत्याबाईंनी चौकशी लावली तेव्हा कळलं ते असं: गोष्ट लिहिली बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी, त्यांचं माहेर स्पेन. संगीत बर्ट केम्फर्ट या जर्मनाचं, आणि त्या धुनेच्या नावात आफ्रिका. चेटकिणीचा आवाज पेरूच्या इमा सुमाक या गायिकेचा. यात भारतीय काय, असं त्यांनी विचारलं. चिरंजीव म्हणाले, “आपण पाच जण.” आत्याबाईंनी ते मान्य केलं आणि आणखी एकदा आत जाऊन आल्या.

मग बसायची अशी पहिली राइड कोणती झाली? जंगलाच्या शेजारी, त्याच भागात, ‘ड्रोमफ्लुख्त’ आहे. ठराव नाही, मतदान नाही. दार समोर आलं आणि सगळे शिरले. वर लटकणाऱ्या छोट्या पाळण्यात बसायचं आणि सहा मिनिटं तरंगत पऱ्यांच्या राज्यातून, जंगलातून, आकाशातल्या किल्ल्यांखालून जायचं. सगळीकडे मंद वास, रूत बोस यांचं संगीत. राइड १९९२ मध्ये सुरू व्हायची होती. यंत्रणेने त्रास दिला म्हणून १९९३ उजाडलं. चिरंजीवांना हा तपशील इतका आवडला की सोमवारी ऑफिसात उशिरा होणाऱ्या कामासाठी तो पुरावा म्हणून वापरणार आहेत.

शेवटी पाळणा गोल गिरक्या घेत अंधाऱ्या रानात उतरतो आणि तिथे बुटके दात विचकून बघतात. धाकट्याने आत्याबाईंचा हात धरला. आत्याबाईंनी चिरंजीवांचा धरला. थोरलीने कोणाचाच धरला नाही, पण ती सरकून मध्ये बसली होती, हे फोटोत दिसतं. उतरल्यावर धाकटा म्हणाला, “परत.” पहिल्या राइडकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

त्यानंतरचा दिवस सोपा गेला. धाकटा घाबरलेला नव्हता, आत्याबाई दमलेल्या नव्हत्या, आणि थोरली आपल्या बॅरनसाठी शहाण्यासारखी थांबली. दुपारी चिरंजीव तिला घेऊन गेले. कड्यावर गाडी लटकली तेव्हा त्यांना घर्षणाचं गणित आठवलं का, असं विचारल्यावर त्यांनी पाणी मागितलं. अदलाबदलीच्या सोयीने मग सूनबाई गेल्या. त्या हसत उतरल्या आणि पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. यावर चिरंजीवांचं निवेदन अजून आलेलं नाही. आत्याबाईंना आगगाडी मिळाली, धाकट्यासह, खिडकीशी. सिम्बॉलिका संध्याकाळी झालं. आतल्या तीन वाटांपैकी संगीताची. निवड आत्याबाईंनी केली, अर्ध्या मिनिटात, कोणालाही न विचारता.

आता तुमच्यासाठी. तुम्ही वसंतात येणार म्हणता, तेव्हा पुन्हा जायचंच आहे. मोठी राइड आधी गाठण्याचा ऑफिसचा सल्ला धट्ट्याकट्ट्या मित्रमंडळींसाठी बरोबर असेल. कुटुंबाने पहिली राइड घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात भित्र्या माणसाच्या मापाने घ्यावी. भित्रं माणूस कोण, हे आधी ठरवत बसू नये. आमच्याकडे ते चुकीचंच निघालं असतं. बाबांनी गुडघ्याचा पट्टा आणावा, चालणं बरंच आहे. आईंनी गोधडीचा आग्रह सोडून पातळ रेनकोट आणावा. डबा आत नेता येतो, पण चटणीची बाटली पिशवीत उभी ठेवावी. छापील काही आणू नये, धाकटा ते खाइसला घालेल.

उद्यान २०१० पासून वर्षभर उघडं असतं, तेव्हा तारखेची घाई नाही. घाई आहे ती दुसरीच. धाकट्याला योरिसच्या गाडीसाठी दोन सेंटिमीटर हवेत, आणि आजोबांशेजारीच बसायचं म्हणून तो हटून बसलाय. उंची भरली की फोन करू. व्हिसाचा अर्ज त्यानंतरच टाका.

कळावे, लोभ असावा.

आइंडहोवनची मंडळी