‘दिसला!’ म्हणण्याची कला

पक्षीनिरीक्षणाला पक्षी लागतात, हा गैरसमज आधी काढून टाका. लागते ती पहाटे साडेपाचला उठण्याची तयारी, गळ्यात दुर्बीण आणि योग्य क्षणी ‘दिसला!’ म्हणण्याचे धैर्य.

साहित्य : दुर्बीण ८×४२ ची घ्यावी. पक्षी ८ पट जवळ दिसतो आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो, हे कोणी न विचारता सांगावे. कपडे मातकट असावेत. गटात एक जण मात्र पांढऱ्या शर्टात असलेला बरा. पक्षी उडाला की सगळ्यांना त्याच्याकडे बघता येते.

बाग : नावे पाठ करणे सोपे, कारण अख्खा गावगाडाच झाडावर चढला आहे. सुतार खोड ठोकतो, शिंपी पाने शिवून घरटे करतो, परीट शेपटी आपटत हिंडतो. तांबट मात्र पानांआड दडून पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीसारखे टुक्-टुक् ठोके देत राहतो. गटप्रमुख सांगतात, ‘‘ती तिसरी फांदी, तिथून वर, पिवळ्या पानाच्या डावीकडे.’’ आता मनात दहा आकडे मोजून म्हणावे, ‘‘हां, दिसला!’’ पाचव्या आकड्याला म्हटलेत तर संशय येतो. विसापर्यंत थांबलात तर ते पुन्हा पहिल्या फांदीपासून सुरू करतात.

नदी : थंडीत पुण्याजवळच्या कवडीपाटला जावे. पार हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक तिथे मुळा-मुठेच्या फेसात उभे असतात. एका हाताने नाकाला रुमाल आणि दुसऱ्याने डोळ्याला दुर्बीण लावण्याचा सराव घरीच करून ठेवावा.

तळे : पाषाण तलावावर पोचताच जलपर्णीकडे बघून सुस्कारा सोडावा : ‘‘पूर्वी इथे काय बदकं यायची!’’ तुम्ही गेल्याच महिन्यात पुण्यात राहायला आला असलात तरी हरकत नाही. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला तो वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, ते हळदीकुंकू बदक. दोन्ही चटकन ओळखू येतात, म्हणून जाणकारांत त्यांना किंमत नाही. किंमत असते ती पलीकडच्या बाभळीवरच्या काळ्या ठिपक्याला. तो गरुड की प्लास्टिकची पिशवी, यावर पाऊण तास सहज निघतो.

एवढ्यात तुमच्या पायापासून चार हातांवरचे चिखलाचे ढेकूळ पांढरेशुभ्र पंख उघडून उडते. हा वंचक. मघापासून तिथेच उभा होता. सकाळपासून पहिल्यांदाच तुमच्या तोंडून खरे निघते : ‘‘दिसला!’’

सगळ्यांच्या दुर्बिणी अजून बाभळीवर.

‘‘हां, दिसला!’’ सगळे म्हणतात. बरोबर दहा आकडे मोजून.