विषय : खिडकी सताड उघडण्याबाबत

प्रति,
मा. शॉर्टकट महोदय,
डेस्कटॉप, डावीकडची पहिली रांग, रिसायकल बिनच्या खाली.

संदर्भ : रोज सकाळी पावणेदहा वाजता आपल्या अंगावर मारली जाणारी माझी दुहेरी टिचकी.

महोदय,

आपण ज्या ब्राउझरचे द्वारपाल आहात त्याचे नाव मी या पत्रात घेणार नाही. ज्याच्याशी रोज गाठ पडते त्याचे नाव चारचौघांत घेऊ नये, आणि त्याच्याशिवाय माझ्या धंद्यातले पानही हलत नाही.

तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, अर्ज आणि दाखले भरून देण्याचे माझे छोटे केंद्र आहे. सकाळी शटर वर करते ते पुरते वर. आमच्या बाजारपेठेत अर्धे शटर दिसले की लोक समजतात, आज कुणीतरी बंद पुकारलाय, नाहीतर दुकानदाराच्या घरी सुतक आहे. आपल्याकडे मात्र बारा महिने सुतक. टिचकी मारली की आपली खिडकी किलकिली उघडते. वर डाव्या कोपऱ्याला चिकटलेली, उजवीकडे वॉलपेपरवरचा डोंगर तसाच उघडा.

माझा पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे. गुणाकार करून पाहिला : १०,४९,०८८ ठिपके. पैसे सगळ्या ठिपक्यांचे मोजलेत, त्यातला निम्मा डोंगर पाहण्यासाठी नव्हे.

आपल्याला हा हट्ट किरकोळ वाटत असेल. कोपऱ्यातल्या चौकोनावर एक टिचकी मारायला ताईंचे काय जाते? माझे काही जात नाही, गिऱ्हाईक जाते. खिडकी अरुंद असली की पुष्कळ संकेतस्थळे समजतात की समोर मोबाईलच आहे. लगेच वरचा सगळा मेनू गुंडाळून तीन आडव्या रेघांच्या मागे लपवतात. सात-बाराच्या तक्त्याचे उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर जातात, मग खालची सरकपट्टी धरून इकडून तिकडे नाचायचे. परवा एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "ताई, एवढं मोठं मशीन घेतलंत, मग एवढ्याशा भोकातून का बघता?" त्यांना काय सांगू? आपले नाव सांगितले नाही, याची नोंद घ्यावी.

मी रीतसर मार्गाने गेले नाही असे नाही. आपल्यावर उजवी टिचकी, मग प्रॉपर्टीज, मग शॉर्टकटचे पान. तिथे 'रन' नावाची ओळ आहे, तिच्यात तीन पर्याय : नॉर्मल, मिनिमाइज्ड, मॅक्सिमाइज्ड. मी तिसरा निवडला, अप्लाय केले, ओके केले आणि त्या दिवशी चहा जरा खुशीत प्यायले. दुसऱ्या सकाळी खिडकी पुन्हा किलकिली.

मग मुळाशी गेले. आपण म्हणजे एक एवढीशी फाइल, आडनाव एलएनके. तिच्या पोटात माझी आज्ञा एका आकड्यात लिहिलेली असते. नॉर्मल म्हणजे १, मॅक्सिमाइज्ड म्हणजे ३ आणि मिनिमाइज्ड म्हणजे, का कोण जाणे, ७. आपण हा आकडा विंडोजच्या हाती देता, विंडोज तो ब्राउझरच्या कानावर घालते, आणि तिथे आपली जबाबदारी संपते. ऐकायचे की नाही हे ब्राउझरने ठरवायचे. म्हणजे मी ज्याला आदेश समजत होते ते निघाले शिफारसपत्र. आमच्याकडे आमदारांची शिफारसपत्रे घेऊन येणारी माणसे मी रोज पाहते, त्यामुळे त्या कागदाची किंमत मला कुणी सांगायला नको. माझ्या तीनाचे तेरा कुठे वाजले ते मात्र कळले.

ब्राउझर ऐकत नाही, कारण त्याची स्वतःची वही आहे. मागच्या वेळी खिडकी कुठे होती, केवढी होती, ताणलेली होती का, हे तो टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच पुढे करतो. फायरफॉक्सही अशी वही ठेवतो, इतरही ठेवतात, त्यात एकट्याचा दोष नाही. माझ्या बाबतीत घोळ असा की संध्याकाळी शेवटचा अर्ज भरताना एका बाजूला स्कॅन केलेला दाखला लागतो आणि दुसऱ्या बाजूला अर्ज. दोन्ही दिसावे म्हणून मी खिडकी हाताने आवळते आणि घाईत तशीच बंद करून घरी जाते. ब्राउझर समजतो, बाईंना हेच आवडते. दिवसभर खिडकी ताणून बसते ते त्याच्या लक्षात राहत नाही. सासरी असली स्मरणशक्ती अनुभवली होती, यंत्रात अपेक्षित नव्हती.

पुण्यात हिंजवडीला असणाऱ्या भाच्याला फोन लावला. क्रोमियमच्या पायावर उभे असलेले ब्राउझर (आणि ते आता इतके झालेत की एवढ्यावरून आपली ओळख पटायची नाही) एक वेगळी सूचना ऐकतात, असे तो म्हणाला.

"मावशी, प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटचा खोका दिसतोय? त्याच्या अगदी शेवटी जा. एक स्पेस दे. मग डॅश डॅश स्टार्ट, डॅश, मॅक्सिमाइज्ड."

"डॅश किती?"

"आधी दोन, मग एक. मधे जागा सोडू नकोस."

मी लिहिले. विंडोजने सांगितले, टार्गेटच्या खोक्यातले नाव वैध नाही. भाचा ओरडला, "अवतरणचिन्हाच्या बाहेर, मावशी, बाहेर!" हे आधी सांगायला काय झाले होते? बाहेर लिहिले. महोदय, त्या दिवशी आपण सताड उघडलात. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी पेढे मागवणार होते.

नाही मागवले ते बरे झाले. दुपारी ब्राउझर बंद करून पुन्हा टिचकी मारली तर मूळ पदावर. भाच्याचे म्हणणे, खिडकी बंद केली तरी ब्राउझर मागच्या मागे जागाच राहू शकतो. 'बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू ठेवा' अशी एक खूण सेटिंगमध्ये असते. तो जागा असताना आपण नवी सूचना घेऊन गेलात, तर तो ती उघडूनही पाहत नाही, 'आत या' म्हणतो आणि जुन्याच वहीतली खिडकी देतो. ती खूण काढली.

आणि मग आपले जुळे बंधू. खाली टास्कबारवर आपल्यासारखाच चेहरा घेऊन बसलेत ते. मला वाटायचे आपण एकच. तर ते निघाले वेगळी फाइल, वेगळ्या फोल्डरात राहणारी. आपल्याला शिकवलेले त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या प्रॉपर्टीज गाठायच्या तर आधी त्यांच्यावर उजवी टिचकी, मग वर आलेल्या यादीत ब्राउझरच्या नावावर पुन्हा उजवी टिचकी. सरकारी कचेरीतसुद्धा एका टेबलावर एवढे दोनदा उजवीकडे वळावे लागत नाही.

हे दुखणे नवे नाही, हेही कळले. १५ जून २०२२ रोजी निवृत्त झालेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात तर लोक यासाठी व्रत करीत. सगळ्या खिडक्या मिटायच्या, एकच ठेवायची. ती कोपरे धरून हाताने पडद्याएवढी ओढायची, मॅक्सिमाइजच्या बटणाला शिवायचे नाही. मग कंट्रोलची कळ दाबून धरून खिडकी बंद करायची. मधेच एखादी जाहिरातीची चिमुकली खिडकी शेवटची मिटली की वसा मोडला, पुन्हा पहिल्यापासून. त्याही आधी, २० नोव्हेंबर १९८५ ला पहिली विंडोज आली तेव्हा खिडक्यांना एकमेकींवर चढताच येत नसे, शेजारी शेजारी फरशांसारख्या बसत. मोठे करण्याला तेव्हा झूम म्हणत. 'मॅक्सिमाइज' हा शब्द १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आला. शब्द पोहोचला, खिडकी अजून यायची आहे.

सध्या मी टिचकी मारते आणि लगेच विंडोजची कळ दाबून वरचा बाण दाबते. खिडकी गप ताणली जाते. आजोबांना वाटते ताईंना संगणक फार येतो.

तरी माझी मागणी अशी. 'रन'च्या ओळीत तिसरा पर्याय ठेवायचा असेल तर त्याच्यावर खरे नाव लिहा. नॉर्मल. मिनिमाइज्ड. बघू.

कळावे,
आपली,
केंद्रचालक

प्रत माहितीसाठी : टास्कबारवरील जुळे बंधू (वेगळे फोल्डर असल्याने स्वतंत्र प्रत.)