तो बघ, तिकडे!

हर्सूलच्या तलावावर पक्षी बघायला कुणाची मदत लागत नाही. वंचक काठावर उभाच असतो आणि टिटवी स्वतः ओरडून हजेरी लावते. मोनाल मात्र हर्सूलला येत नाही. त्यासाठी रजा टाकून, पैसे भरून, उत्तराखंडात देवरियाताल ते तुंगनाथ अशी पायपीट करावी लागते. शिवाय गटासोबत.

मोनाल हा उत्तराखंडाचा राज्यपक्षी. नराच्या अंगावर जांभळा, हिरवा, निळा, तांबूस असे सगळे रंग आणि वजन दोन किलोंच्या घरात. असा पक्षी उघड्या उतारावर न दिसणं अवघड आहे. गटातल्या प्रत्येकाला तो दिसतो. "तो बघ, तिकडे!" तिकडे म्हणजे कुठे? "त्या दगडाच्या डावीकडे." समोरच्या उतारावर दगडांखेरीज काही नसतं. "अरे, त्या मोठ्या दगडाच्या." दुर्बीण डोळ्याला लागेपर्यंत, "गेला." मग सांत्वन, "पण मस्त होता हं!" पाठोपाठ मोबाइल पुढे येतो. त्यात एक उतार आणि एक ठिपका असतो. ठिपक्याचं कौतुक करणं सक्तीचं असतं.

दरम्यान कुणाच्या तरी सॅकला लटकलेला स्पीकर वाजत असतो. पक्ष्यांना संगीत आवडतं, असं त्याच्या मालकाचं मत आहे. पक्ष्यांचं मत कळायला ते थांबत नाहीत.

3,680 मीटरवरच्या तुंगनाथाला पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे स्वतःहून आले. एव्हरेस्टवर गिर्यारोहकांमागे 8,200 मीटरपर्यंत गेल्याची नोंद असलेली ही जात. खरा उंचीवरचा पक्षी, हाताच्या अंतरावर. गट म्हणाला, "कावळेच आहेत," आणि चहाला गेला. कावळ्यांनी माझ्या शेंगदाण्याच्या चिक्कीची चौकशी केली. सबंध वाटेत माझी कुणी केलेली तेवढीच चौकशी.

पट्टकादंब हंस याबाबतीत समंजस. ते हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपणहून पैठणला, जायकवाडीच्या नाथसागरावर उतरतात. हे मी परतीच्या गाडीत सहज बोललो. आता सगळेच पैठणला येणार आहेत. व्हॉट्सअ‍ॅप गट निघालाय, 'मोनाल मित्र'. वर चित्र म्हणून तोच ठिपका. पहिली सूचनाही आली आहे: पहाटे साडेपाचला निघायचं, स्पीकर चार्ज करून आणायचा.