जालना सोने का पालना, आणि पाळण्यात कवटी!

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर कान जरा इकडे करा, ही गोष्ट चारचौघांत मोठ्यानं बोलायची नाही. चांगल्या घरची, शिकली-सवरलेली माणसं म्हणे हल्ली घरात बसून कवट्या करतात. आणि नुसत्या शोभेच्या नाहीत, चक्क बोलणाऱ्या! दारात पाहुणा आला की ती मान वळवून बघणार, डोळे लुकलुकवणार आणि जबडा वाजवत विचारणार, ‘कसं काय, बरं आहे ना?’ हे उद्योग कोणा अघोरी बाबाचे असते तर एक वेळ समजले असते. पण करणारे कोण, तर इंजिनिअर, मास्तर, पेन्शनीत निघालेले आजोबा!

हे लोण अमेरिकेतलं. तिथं 31 ऑक्टोबरला हॅलोविन असतं, दारोदार भुतं मांडतात. असेना का, त्यांचं त्यांना लखलाभ. पण आपली पोरं तिथं बिऱ्हाडं करून आहेत ना! ज्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांबला समर्थ रामदास जन्मले, ज्यांचं ‘भीमरूपी’ पुटपुटत आपण अंधारात परसाकडे गेलो, त्याच जिल्ह्यातली पोरं न्यू जर्सीत दारावर हाडं टांगतात आणि व्हिडिओ कॉलवर आजीला कौतुकानं दाखवतात! आजीनं ‘कुणाचं रे बाबा हे?’ असं विचारलं, तर त्यात तिचं काय चुकलं?

बरं, विकत आणलं असतं तर म्हटलं असतं, पैसा उतू चाललाय. तिथल्या ‘होम डेपो’ या दुकानानं 2020 साली 12 फुटी सांगाडा 299 डॉलरला काढला आणि तो हातोहात खपला. 12 फूट! म्हणजे आपल्या स्लॅबला डोकं लागेल. पण खऱ्या शौकिनाला तो सांगाडा म्हणजे निव्वळ आळशीपणा वाटतो. त्याला कवटी स्वतःच्या हातानं बोलती करायची असते.

त्यासाठी तो वैद्यकीय विद्यार्थी वापरतात तशी प्लॅस्टिकची कवटी आणतो. तिचा जबडा सुटा करून स्प्रिंगवर बसवतो. मागे सर्व्हो मोटर, म्हणजे सांगू तेवढंच वळणारी. खेळण्यांतली नेहमीची छोटी अवघी 9 ग्रॅमची असते, तिच्यानं दमदार जबडा उचलत नाही, म्हणून मोठी लावतो. मानेला तीन मोटरी: एक ‘हो’ म्हणायला, एक ‘नाही’ म्हणायला, आणि तिसरी मान तिरकी करून ‘असं होय?’ म्हणायला. पिंगपाँगचा चेंडू मधोमध कापला की दोन डोळे तयार. आता एवढं झाल्यावर माणसानं हात धुऊन जेवायला बसावं की नाही? नाही! कारण खरी गंमत, म्हणजे खरं पाप, पुढंच आहे.

आवाजाच्या चढउताराप्रमाणे जबडा उघडायचा असतो. छोटं सर्किट आवाजाची पातळी मोजतं. आवाज चढला की जबडा उघडतो, उतरला की मिटतो. मात्र मागं तबला-पेटी किंवा गडगडाट लावला की कवटी त्याच्यावरही तोंड चालवू लागते. ढोल वाजतोय आणि ही मेली बडबडतेय! मग या लोकांनी तोड काढली. स्टिरिओच्या एका बाजूला फक्त बोलणं भरायचं, दुसऱ्या बाजूला संगीत, आणि जबड्याला पहिलीच बाजू ऐकवायची. एवढी अक्कल अभ्यासात लावली असती तर, असं म्हणणार होते. पण ती तिथंच लागलेली दिसते. आपल्याकडे 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात सर्व्हो मोटरचं कलम नाही. बघा, पळवाट कशी असते!

तोंडावर पदर घेऊन हे सगळं सांगते आहे खरी, पण एक शंका राहून राहून येते. नाक मुरडायचा आपल्याला हक्क आहे का हो?

गणपतीतले हलते देखावे आठवा. पुण्यात काय, जालन्यात काय, रात्री पोरं खांद्यावर घेऊन आपण तासन्‌तास रांगेत उभे राहिलो ते कशासाठी? खांब दुभंगून नरसिंह बाहेर येतो म्हणून. शाहिस्तेखान दर खेळाला बोटं गमावतो आणि पडदा पडला की गुपचूप परत मिळवतो म्हणून. आत असतं काय? वायपरची मोटर, सायकलची चेन, दोऱ्या, लाकडी चाकं, आणि मागच्या फळीआड घामाघूम झालेला मंडळाचा एक कार्यकर्ता. आवाज भोंग्यातून येतो आणि तोंडं मात्र सगळ्यांची मिटलेली. ज्याचा हात हलेल तो बोलतोय असं समजून घ्यायचं! आपण समजून घेतलं, वर टाळ्याही दिल्या.

कवटीचं म्हणाल तर 1990 च्या ‘धडाकेबाज’ सिनेमातला कवट्या महाकाळ आपल्याच महेश कोठाऱ्यांचा. 1993 च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचूही त्यांचाच, त्या बाहुल्याला हालचाल दिली रामदास पाध्यांनी. पाध्यांच्या वडिलांचा बोलका बाहुला अर्धवटराव तर शंभरी ओलांडूनही तोंड चालवतोच आहे, आणि त्याच्या जिभेला हाड नाही हे आपण लग्नकार्यात पाहिलेलं आहे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं प्रचंड नरकासुर उभे करतात, काहींचे हात-मुंडकी यंत्रावर हलवतात आणि पहाटे जाळून टाकतात. 2024 साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला आले. सकाळी उटणं, संध्याकाळी सांगाडा. कुणाला दोष देणार?

म्हणून माझा निकाल ऐका. वेड आहे, नक्की आहे, पण परकं नाही. फरक एकच, आपल्या देखाव्यांतला राक्षस तोंड न उघडता डरकाळी फोडतो, आणि त्यांची कवटी आवाज उतरला की जबडा मिटते. ही लाज खरी. जे जालना शहर भंगार वितळवून सळ्या करतं, ज्याच्या एमआयडीसीत मोटर गुंडाळणारे आणि लेथवर हात बसलेले कारागीर पैशाला पासरी, त्याला एक जबडा हलवता येऊ नये?

तेव्हा जालन्याच्या मंडळांनो, येत्या गणपतीत हिरण्यकशिपूचं तोंड आवाजाबरोबर हलू द्या. बोलणं एका बाजूला, ढोल दुसऱ्या बाजूला, कृती वर दिलीच आहे. आणि ज्यांना कवटीच करायची आहे त्यांनी खुशाल करावी. फक्त दारात टांगण्याआधी शेजारच्या आजींना सांगून ठेवा, आणि रात्री दहानंतर तिचा प्लग काढा.