काटकोनातले तात्या

बँकेत उभं आयुष्य ऑडिट केलेला माणूस निवृत्त झाला की घराला धोका असतो. तो किराण्याच्या यादीवर हिरव्या शाईने खुणा करतो, दूधवाल्याकडे मागच्या महिन्याची पावती मागतो आणि लग्नात आलेल्या आहेराची नोंद कुठे आहे, असं बायकोला विचारतो. त्यामुळे पुतण्याच्या बायकोचा गावाहून फोन आला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला. मला तो जरा उशिरा झाला. तोवर माझी बॅग भरून दारात आली होती.

मामला असा होता. पुतण्याचा सोन्या यंदा वस्तीवरच्या शाळेतून चौथी होणार. पाचवीला त्याला गावातल्या झेडपीच्या आठवीपर्यंतच्या शाळेत घालायचा, की पिवळ्या बसने तालुक्याला इंग्लिश मीडियमला पाठवायचा? "तात्या, तुम्ही एवढ्या बँकांच्या शाखा तपासल्यात," सूनबाई म्हणाली, "शाळा ती केवढीशी. बघून सांगा, कुठली चांगली."

मी ताबडतोब हो म्हणालो, त्यामागे जुनं कारण आहे. आमच्या लहानपणी शाळेत दिपोटी येत. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर. ते येणार म्हटलं की आदल्या दिवशी वर्ग सारवले जात, नखं कापली जात, हुशार मुलं पुढे आणली जात आणि माझ्यासारख्यांची सोय खांबाआड होई. मोठेपणी आपण दिपोटी व्हायचं, हे मी त्या खांबाआडच ठरवलं होतं. ते राहून गेलं.

तयारी मात्र दिपोटीलाही लाजवेल अशी केली. २००९चा शिक्षण हक्क कायदा परिशिष्टासकट वाचला. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं, ३५ मुलांमागे एक शिक्षक, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची खोली, मैदान, कुंपण, ग्रंथालय. वाचताना मी हरखून गेलो; इतकं तपासण्याजोगं वाङ्मय मी निवृत्तीनंतर वाचलं नव्हतं. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांना काय वाचायला देतात आणि कुठली गणितं घालतात, तेही छापून घेतलं. मग या सगळ्यातून माझा स्वतःचा १०० गुणांचा तक्ता केला. इमारतीला ३०, स्वच्छतेला २०, कागदपत्रांना २५ (इथे मन आवरलं नाही), शिकवण्याला १५. उरलेले सुटे.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून आणि काखेत फाइल मारून मी शाळेत पोचलो. शाळा सातारा जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. गावाचं नाव सांगत नाही. मला तिथे अजून जावं लागतं. आपल्याला बघून धावपळ होणार, कोणीतरी खुर्ची पुसणार, अशी माझी अपेक्षा होती. मुख्याध्यापक अंगणातल्या लिंबाखाली मोबाइल उंच धरून उभे होते. शाळेत रेंज तेवढ्याच जागी येते आणि सरकारला हवी असलेली सगळी माहिती त्या एका झाडाखालून जाते. त्यांनी माझ्या फाइलकडे पाहिलं आणि म्हणाले, "गणवेशाचं समितीपुढे ठेवा. कोटेशनं तीन लागतील."

मी गणवेशवाला नाही म्हणालो.

"मग पाण्याचा फिल्टर आहे आपल्याकडे."

मी पालकांच्या वतीने शाळेची गुणवत्ता बघायला आलोय, असं जरा घसा साफ करून सांगितलं. त्यावर ते खरोखर खूश झाले. "बघा की. सगळं उघडंच आहे. मला तेवढं हे पाठवून होऊ दे," असं म्हणून त्यांनी हात पुन्हा वर केला. माझ्या दिपोटीपणाचा पहिला तास असा लिंबाखालीच संपला.

इमारतीला मी भराभर गुण देत गेलो. वर्ग कोरडे, फरशी बसवलेली, भिंतींवर नकाशे आणि पाढे. दर्शनी भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांचा फलक होता. त्यावरचे मथळे चौथी आणि सातवी असेच होते. २०१६-१७मध्ये ही परीक्षा पाचवी आणि आठवीला गेली, तेव्हा कोणीतरी जुने आकडे तसेच ठेवून खाली नवी नावं रंगवली होती. कागदपत्रांचे दोन गुण मी तिथेच कापले. मीही याच शाळेचा विद्यार्थी. त्या फलकावर माझं नाव नाही, हे बघायला चष्मा काढावा लागला नाही.

स्वच्छतागृहं वेगवेगळी होती. मुलींच्या बाजूला पाणी होतं, असं मुलींनीच सांगितलं. मुलांच्या बाजूला पाणी होतं, कडी नव्हती. हे मला आतून कळलं.

बाहेर आलो तो थेट सातवीच्या दारात उभा राहिलो आणि वही उघडून लिहायला लागलो. आतून एक चुणचुणीत आवाज आला, "काका, जरा सरका, तुम्ही काटकोनात उभे आहात." खाली पाहिलं. दाराच्या फरशीवर अर्धवर्तुळ रंगवलेलं होतं, त्यावर ३०, ६०, ९० असे अंश. दार उघडेल तसा कोन मोठा होतो. शाळेच्या इमारतीनेच शिकवावं, म्हणून हल्ली असं रंगवतात. मी सरकलो तो विशालकोनात गेलो. वर्ग हसला. गणिताच्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी फळ्याकडे तोंड केलं.

आता मला पत सावरणं भाग होतं. मी 'असर'चा कागद काढला आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला वाचायला दिला. त्याने तो एका दमात वाचला, परत दिला आणि बाईंकडे बघून तक्रार केली, "बाई, हे दुसरीचं आहे." ते दुसरीचंच असतं. 'असर'मध्ये मोठ्या मुलांनाही दुसरीच्या पातळीची गोष्टच वाचायला देतात, कारण प्रश्न तिथेच अडलेला असतो. पण हे मी त्या मुलाला सांगायला हवं होतं. तो दिवसभर माझ्याकडे दुसरीतला असल्यासारखा बघत होता.

मग भागाकार. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने. देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना हा भागाकार जमत नाही, असं 'असर'चे अहवाल सांगतात. म्हणून मी तो मोठ्या तोऱ्यात फळ्यावर घातला: ८५७ भागिले ८. खडू खाली ठेवतो तोच खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "१०७."

मी मोबाइलवर भागाकार केला. उत्तर १०७.१२५ आलं.

"चूक," मी म्हणालो. उभ्या आयुष्यात हा शब्द मी इतक्या समाधानाने उच्चारला नव्हता.

"१०७ आणि बाकी १," ती म्हणाली. "तुम्ही थांबलाच नाहीत."

मी तिला मोबाइल दाखवला. तिने आकडा पाहिला, क्षणभर ओठ हलवले आणि शेजारणीला सांगावं तसं मला सांगितलं, "त्या बाकीच्या एकालाच आठने भागलंय त्याने. पॉइंट एकशे पंचवीस होतात. बरोबरे." म्हणजे माझा मोबाइलही तिने पास केला. ऑडिटची उभी हयात मी आकडेमोड यंत्रावर टाकून काढली. भागाकाराला बाकी उरते, ही माहिती माझ्याकडून नेमकी केव्हा सुटली, ते सांगता येणार नाही.

बाकीच्या वह्या बघितल्या तेव्हा तिघांचं उत्तर १७ होतं. मी पेन सरसावलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, ती शून्य गिळतात. पाचात आठ जात नाहीत, तिथे वर शून्य द्यायचं राहतं. दिवाळीनंतर अकरा जणं गिळत होती, आता तीन राहिलीत. त्यातली दोघं ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून येतात, कारखाना सुरू झाला की. पट्टा पडला की जातात. जाताना शून्य घेऊन जावीत, एवढं बघतेय."

मी तक्त्यात जागा शोधली. इमारत, स्वच्छता, कागदपत्रं, शिकवणं. शिकवण्याच्या पंधरा गुणांत मी फळा, फलक, शैक्षणिक साहित्य आणि पाठटाचण असे पोटभाग केले होते. कुठलं मूल नेमकं कुठे अडतं हे बाईंना ठाऊक आहे, यासाठी पोटभाग नव्हता. म्हणून ते 'इतर'मध्ये लिहिलं. 'इतर'ला २ गुण होते.

दुपारच्या सुट्टीत जे झालं ते मात्र टाळता आलं असतं.

सरकारी नियमाने सहावी ते आठवीच्या मुलाला माणशी १५० ग्रॅम धान्याचं जेवण मिळतं, आणि पोरांना वाढण्याआधी ते मोठ्या माणसाने चाखायचं असतं. चाखणाऱ्याने चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची. त्या दिवशी चाखायची पाळी होती त्या गुरुजींचा गुरुवारचा उपवास. मुख्याध्यापक लिंबाखाली. स्वयंपाकाच्या मावशींनी पातेल्यावरचं झाकण काढलं, ताटलीत खिचडी घेतली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही पालकांकडचे न्हवं का? मग चाखा आन् सही करा. पोरं खोळंबलीत."

मी चाखली. खिचडी चांगली होती, मटकी छान शिजलेली, फक्त मीठ थोडं कमी होतं. नोंदवही उघडली तर महिनोन्महिने एकच शेरा: 'चव उत्तम'. अक्षर वेगळं, सही वेगळी, चव तीच. ऑडिटवाल्याला याहून संशयास्पद काही असू शकत नाही. मी हिरव्या शाईत लिहिलं: 'मीठ किंचित कमी.'

मावशींनी ते शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आवं, ह्ये काय लिवलं? विस्तार अधिकारी आलं की पयलं ह्येच बघत्यात. मिठाचं काय, आत्ता टाकते की! तोंडानं सांगायचं!" त्यांनी खरंच मीठ टाकलं, ढवळलं आणि ताटली पुन्हा माझ्यापुढे धरली. आता मीठ बरोबर होतं. पण लिहिलेला शेरा खोडणं हे माझ्या धर्मात बसत नाही. मी त्याखाली दुसरा शेरा लिहिला: 'फेरतपासणीत त्रुटी दूर केल्याचे आढळले.' तोवर मुख्याध्यापक आले. त्यांनी वाचलं आणि हताशपणे विचारलं, "आता याचं अनुपालन कुठल्या नमुन्यात पाठवायचं?" दोनशे ताटं रिकामी वाजत होती. खिचडी थंड झाली. मीठ न कळण्याइतकी.

तालुक्याच्या शाळेचं सांगायला फारसं नाही. स्वागतकक्षापलीकडे मला सोडलं नाही. तिथली माशांची टाकी उत्तम होती. माहितीपुस्तकाचा कागद जाड होता. दोन्ही मिळून ७ गुण.

रात्री सूनबाईसमोर मी अहवाल ठेवला. झेडपी, साडेएकसष्ट. इंग्लिश मीडियम, ७ आणि 'माहिती उपलब्ध नाही' ९३. तिने अहवाल बाजूला सारला, शेजारची झेडपीतली सातवीची पोरगी आणि समोरच्या घरातला बसने जाणारा मुलगा, दोघांना हाक मारली आणि डेअरीची पावती पुढे केली. रकमेवर अंगठा ठेवून. "साडेसहा लिटर, दर ३४. किती?" दोघंही आगेमागे म्हणाली, २२१. मग फवारणीच्या औषधाची बाटली आणली. मराठी सूचना पोरीने भरभर वाचल्या, इंग्रजी पोराने. पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती घालायचं, ते दोघांनीही बरोबर काढलं.

हे बघताना मला 'असर'मधलं एक कलम आठवलं. मुलांची ही चाचणी शाळेत घेतच नाहीत. घरोघर जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून घेतात. ते पान माझ्याकडेही होतं. मी त्याच्या पाठीमागे तक्ता छापला होता.

"दोघंबी हुशार," सूनबाई म्हणाली. "मग फी कशाची भरायची? बसची? ती पावणेसातला येती, तेव्हा म्हशीची धार चाललेली असती." एवढ्यावर निकाल लागला. पोरं घरी गेली.

जूनमध्ये सोन्याचं नाव गावातल्या शाळेत पाचवीला घातलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका, म्हणून सूनबाई समितीवर गेली आणि पहिल्याच बैठकीत मुलांच्या स्वच्छतागृहाला कडी मंजूर करून घेतली. कडी बसली आहे. मिठाचा शेरा मात्र मी मागे घेतलेला नाही. पहिल्या घासाला ते कमीच होतं.