दोन पोटांचं अक्षर

अठरा मिनिटांच्या त्या फिल्ममध्ये मी सव्वासात मिनिटं दिसतो. परवा जुनी हार्ड डिस्क साफ करताना ती सापडली, तेव्हा घड्याळ लावून मोजलं. ज्याच्यावर फिल्म काढली होती तो मुलगा पाच मिनिटं चाळीस सेकंद, त्यातलीही निम्मी पाठमोरा. उरलेल्या वेळात लोकल, कबुतरं, पुन्हा लोकल आणि श्रेयनामावली. श्रेयनामावलीत माझं नाव सहा वेळा आहे. सहाव्यांदा ‘संकल्पना’ म्हणून. पाचव्यांदा कशाबद्दल आहे ते वाचता येत नाही, अक्षरं फार कलात्मक आहेत.

त्या सव्वासात मिनिटांत मी काय करतो? चालतो. खांद्याला झोळी, अंगात फिल्मसाठी मुद्दाम घेतलेला खादीचा कुर्ता, आणि नजर अशी की काहीतरी हरवलंय पण ते किल्लीएवढं क्षुल्लक नाही. एका शॉटमध्ये मी भिंतीवर हात ठेवून डोळे मिटतो. त्या भिंतीचा नेमका तोच भाग लोक कशासाठी वापरत, हे मला नंतर वासावरून कळलं.

फिल्मचं नाव ‘मूक भिंतींचा आक्रोश’. ते ऐकून तो मुलगा म्हणाला होता, “मुकी आहे तर ओरडेल कशी?” मी वहीत लिहून ठेवलं : विषयाची निरागस विनोदबुद्धी. ‘विषय’ म्हणजे तो. डॉक्युमेंटरीवाले माणसाला विषय म्हणतात, हे मी पहिल्या वर्षातच शिकलो होतो. बाकी फारसं शिकलो नव्हतो.

साल २०१३, मास मीडियाचं शेवटचं वर्ष. आम्ही सगळ्यांनी बँक्सीचा ‘एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप’ पेन ड्राइव्हवरून पाहिला होता. त्यात एक मनुष्य रस्त्यावरच्या चित्रकारांची फिल्म काढायला कॅमेरा घेऊन निघतो, त्याला फिल्म काही जमत नाही, पण बघता बघता तो स्वतःच मोठा कलाकार होऊन बसतो. शेवटी बँक्सीच त्याच्यावर फिल्म काढतो. ही थट्टा आहे, असं जगभर लोकांनी मानलं. मी ते करिअर गायडन्स म्हणून पाहिलं.

अडचण एवढीच, की वांद्र्याच्या चॅपल रोडवरची भलीमोठी अनारकली आमच्या आधीच दोन गटांनी बळकावली होती, आणि २००९ साली तुळशी पाइप रोडच्या भिंतीवर लोकांनी रांगेने चित्रं काढली ती सीनियर्सनी अगदी चोथा होईस्तोवर शूट केली होती. मला ताजा, कुणाचा हात न लागलेला कलाकार हवा होता. कॅन्टीनमधल्या पोऱ्याने त्याच्या ओळखीतला एक गाठून दिला. कुर्ल्याचा, सतरा वर्षांचा, दिवसा औषधांच्या दुकानात कामाला. रात्री भिंतींवर एकच अक्षर काढायचा : ळ.

इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण ळ हा माझा वीक पॉइंट आहे.

मराठीत ळ-पासून सुरू होणारा एकही शब्द नाही. शाळेच्या तक्त्यावर क कमळाचा, ख खटाऱ्याचा असं सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि ळ आला की तक्तेवाल्याची पंचाईत होते. मग तो एक गुटगुटीत बाळ काढतो आणि खाली लिहितो, ळ बाळाचा. म्हणजे ज्या शब्दात आपण शेवटी उभे आहोत त्याच्यावर निर्वाह. तसं ण-चंही बाणावर भागतं, पण ण-ला निदान बाण तरी मिळाला, ळ-ला रांगतं पोर. वास्तविक घराणं किती जुनं! ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हा हजर आहे. संस्कृतने पुढे त्याला घराबाहेर काढलं, हिंदीने दारात उभं केलं नाही. टिळकनगर स्टेशनच्या पाटीवर मराठीत टिळक आणि खाली हिंदीत तिलक, एकाच माणसाची दोन आडनावं असावीत तशी. दिल्लीचे निवेदक लोणावळ्याचं लोनावला करतात, धुळ्याचं धुले करतात, आणि आपण घरात बसून दात-ओठ खातो. गाल आणि गाळ, वेल आणि वेळ, मूल आणि मूळ. पोटात येते ती कळ आणि निवडणुकीत येतो तो कल, हे ज्याला उमगलं त्याला अर्धी मराठी आली. तमिळ, कन्नड, गुजराती, पंजाबी, सगळ्यांकडे हा ध्वनी आहे, पण आम्हाला तो फक्त आपलाच वाटतो, जसं प्रत्येक आईला...

कळतंय, भरकटलो. फिल्ममध्येही असाच दीड मिनिट भरकटलो आहे, आणि तिथे पार्श्वभूमीला सारंगी आहे.

तर मला ळ काढणारा मुलगा सापडला होता. माझ्या निवेदनाचा पहिला खर्डा त्याला भेटण्याआधीच तयार होता. न्यूयॉर्कचा ‘टाकी १८३’ त्यात होता. आपलं नाव आणि आपल्या रस्त्याचा नंबर शहरभर लिहीत सुटलेला हा पोरगा १९७१ मध्ये थेट ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीत पोचला. तिथून मी एका वाक्यात कुर्ल्याला येत होतो. हा ळ म्हणजे परिघावर ढकललेल्या भाषेचा हुंकार, शब्दाच्या आरंभी ज्याला जागा नाही अशा माणसाचं महानगराच्या माथ्यावर उमटलेलं प्रश्नचिन्ह, वगैरे. पहिल्याच दिवशी कॅमेरा चालू करून मी आवाज खोल नेला आणि विचारलं, “ळ-च का?”

तो म्हणाला, “त्याला दोन पोटं आहेत. रंग भरायला जागा मिळते.”

मी थांबलो. आणखी काहीतरी येईल म्हणून.

“आणि काना-मात्रा लागत नाही. पोलीस आला तर अर्धवट राहत नाही.”

हे उत्तर मी फिल्ममध्ये ठेवलं नाही. शोकांतिकेच्या चौकटीत बसत नव्हतं.

वास्तविक तो काम करताना जे दिसायचं, ते कुठल्याही निवेदनापेक्षा बघण्यासारखं होतं. हार्डवेअरच्या दुकानात मोटरसायकलचे ओरखडे झाकायला मिळतात ते स्प्रेचे डबे तो आणायचा. त्यांचं टोपण जाडजूड फवारा मारतं, म्हणून संपलेल्या डिओडरंटच्या बाटल्यांची टोपणं जमवून एका डबीत ठेवली होती. एकेक लावून हवेत फुसकन उडवून बघायचा आणि हवं ते निवडायचा. डबा हलवला की आतली गोळी खुळखुळते. तिच्या आवाजावरून रंग किती उरलाय हे त्याला कळायचं. भिंत फार पिते म्हणून आधी बांबूला बांधलेल्या रोलरने पांढऱ्याचा हात. मग डबा भिंतीच्या अगदी जवळ धरून कडा : हात झपकन फिरला पाहिजे, रेंगाळला की ओघळ आलाच. मग वीतभर मागे येऊन पोटं भरायची, तिथे धुक्यासारखा रंग पसरतो. शेवटी डबा उलटा धरून नुसता गॅस सोडायचा, म्हणजे टोपण तुंबत नाही. सगळं मिळून चार मिनिटं. एकदा मीही डबा मागून घेतला. माझ्या ळ-चं डावं पोट फुटून खाली गटारापर्यंत ओघळ गेला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “तुम्ही त्याला जास्त खायला घातलं, दादा.”

एका रात्री हवालदार आला. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध आपल्याकडे १९९५चा कायदा आहे, तो मी पाठ करून गेलो होतो, अटक झालीच तर कॅमेऱ्यासमोर म्हणायला. हवालदाराने ओल्या ळ-वर बॅटरी मारली, मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, “शूटिंगची परमिशन आहे का?” मी बँक्सीपासून सुरुवात केली, तीही इंग्रजीत. मुलाने मध्येच सांगितलं, “कॉलेजचा प्रोजेक्ट आहे साहेब, सबमिशन आहे.” सबमिशन म्हटल्यावर हवालदाराचा चेहरा पालटला. त्याच्या मुलीचंही चालू होतं म्हणे. जाताना तो मला म्हणाला, लवकर आटपा, उगाच मुलाला जागवू नका. अटक हुकली ती हुकलीच, वर मी वयाने मोठा असून बेजबाबदार ठरलो.

आता हार्ड डिस्कमध्ये फिल्मबाहेरचं जे होतं त्याबद्दल. म्हणजे रशेस. ते मी दहा-बारा वर्षांत उघडले नव्हते.

एका क्लिपमध्ये तो भिंतीची ओल समजावून सांगतोय. “पावसाचं पानी मागून झिरपतं, मग रंग धरत नाही.” कॅमेऱ्यामागून माझा आवाज : “परत घेऊ या. पाणी म्हण. परीक्षक आहेत, सबटायटल मराठीत जाणार.” तो म्हणतो, पानी. मी म्हणतो, “ण. जीभ वर लाव.” मी, वीस वर्षांचा, त्याला जीभ कुठे लावायची ते सांगतोय. चार टेक झाले. चौथ्याला तो ‘पाणी’ म्हणतो, इतका जपून की पुढचं वाक्यच विसरतो. फिल्ममध्ये हाच टेक आहे. मागे एक तुकडा आहे, कट म्हटल्यावरही कॅमेरा चालूच राहिला होता त्याचा. त्यात तो माझ्याकडे बघत नाही. नखाखालचा रंग काढत बसलाय.

दुसरी क्लिप त्याच्या घरची. त्याची आई बुलढाण्याकडची. ही मुलाखत मी पूर्ण काढून टाकली होती. मागे कुकरच्या शिट्ट्या, आवाज खराब, आणि आरशात माझा कुर्ता चुरगळलेला दिसत होता. यावेळी कानाला हेडफोन लावून ऐकली. आई म्हणतेय, “लहानपनी याले पोट्टे ‘शाया, शाया’ म्हनून चिडवत. आमच्या बोलन्यात तसंच येते न. मंग बाईनं रोज पाटीभर ते अक्षर काढाले लावलं. घरी आला का पाटी पुसाले द्यायचा नाही.”

वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया, शाळेची शाया. हे मला तेव्हाही माहीत होतं, कारण वर सांगितलेल्या दीड मिनिटात मी ळ-च्या बोलीभाषांतल्या प्रवासावरही दोन वाक्यं टाकली आहेत. सारंगीसकट. फक्त समोर बसलेली बाई त्या अक्षराचं नाव टाळून ‘ते अक्षर’ म्हणतेय, हे ऐकू आलं नाही. आणि तो स्वतः ‘काळा’, ‘निळा’, ‘पिवळा’ हे शब्द नेहमी थोडे ठासून म्हणायचा, जीभ टाळूला लावून क्षणभर तिथेच ठेवायचा, तेही मला त्याचं कलाकाराचं वेगळेपण वाटलं होतं.

दोन पोटांची गोष्ट खोटी होती असं मी म्हणत नाही. पोटं खरंच दोन आहेत. पण चार टेकनंतर मीसुद्धा मला दुसरं काही सांगितलं नसतं.

फिल्मच्या शेवटी पांढरी भिंत आहे. कुणाचा तरी दौरा होता, रातोरात चुना मारला गेला. सकाळी सात वाजता त्याचा फोन आला, “दादा, भिंत गेली.” मी “अरेरे” म्हणालो. तो शब्द पुरा व्हायच्या आत विचारलं, “ऊन कुठल्या बाजूने येतंय?” खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला होता की चप्पल उलटसुलट घालून निघालो. फिल्मला शेवट मिळाला होता! त्याला मी भिंतीसमोर उभं केलं, हताश बघ म्हटलं. त्याने विचारलं, “किती वेळ?” म्हटलं, मी सांगेपर्यंत. सांगायला मला अकरा वाजले. त्या दिवशी दुकानात त्याचा अर्धा खाडा लागला, हे मला महिन्याने कळलं, तेही त्याच्याकडून नव्हे. तेव्हा मी त्याला वडापाव खिलवला होता आणि त्याबद्दल श्रेयनामावलीत ‘निर्मिती’ या शब्दापुढे माझं नाव घातलं होतं. पाचव्यांदाचं ते हेच असावं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांनी माझ्या चालण्याचं कौतुक केलं.

आईची क्लिप मी त्याच्या जुन्या नंबरवर पाठवली. नंबर चालू होता. तो आता दुकानांची शटर्स रंगवतो, हॉटेलांच्या भिंती करतो, फोटोवरून हे समजलं. उत्तर दोन दिवसांनी आलं : “कुकर आमचाच 😀 आईला दाखवतो.” पुढे काही नाही. ‘पाणी’वाल्या क्लिपबद्दल मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा खोडलं.

गेल्या आठवड्यात हार्बरने येत होतो. टिळकनगर सुटल्यावर डाव्या हाताच्या भिंतीवर तो दिसला. ताजा, निळा, कडा पिवळ्या, दोन्ही पोटं गच्च भरलेली, एकही ओघळ नाही. मी दारातल्या माणसाला कोपराने ढोसलं, “ते बघितलंत?”

“चष्म्याचं दुकान निघालंय वाटतं,” तो म्हणाला.

मी श्वास घेतला. ऋग्वेदापासून सुरुवात करावी की तक्त्यावरच्या बाळापासून, एवढंच ठरायचं होतं. तेवढ्यात कुर्ला आलं आणि मागच्या लोकांनी मला उतरवलं. मला चुनाभट्टीला उतरायचं होतं.